ग्वाल्हेर, १७८०: बंदोबस्ताच्या पत्रांचा काळ कसा लावायचा?

लष्करवाला
महादजी शिंद्यांकडून किल्लेदारांना आणि कमाविसदारांना (महसूल वसूल करणाऱ्या अधिकाऱ्यांना) गेलेली बंदोबस्ताची, म्हणजे किल्ल्याच्या संरक्षणाची पत्रं क्रमाने लावायची आहेत. शेवटी ‘छ ३ जमादिलाखर’ (‘छ’ म्हणजे चांद्रमासाची तारीख), ‘इहिदे समानीन मया व अलफ’ अशा धर्तीची तारीख असेल, तर पत्र ग्वाल्हेर इंग्रजांनी घेण्याआधीचं की नंतरचं, हे कसं ओळखायचं?

दौलतगंज
आधी साल सोडवा. इहिदे १, समानीन ८०, मया १००, अलफ १०००, झाले ११८१. हा शुहूर सन, मराठी कागदांत वापरलेलं, मृग नक्षत्राला म्हणजे जूनच्या आरंभी सुरू होणारं साल. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे जून १७८० ते जून १७८१. हिजरी समजून वाचलंत तर पत्र १७६७-६८ मध्ये जाऊन पडेल. समान (८) आणि समानीन (८०), सबा (७) आणि सबैन (७०) यांतही गल्लत होते.

महिने मात्र हिजरी, चांद्र, आणि खरी मेख इथेच आहे. मृगसाल ३६५ दिवसांचं, बारा चांद्रमास ३५४ दिवसांचे. उरलेल्या अकराएक दिवसांत तोच महिना पुन्हा लागतो. ११८१ मध्ये नेमका जमादिलाखर असा आहे: त्याचे पहिले काही दिवस जून १७८० च्या आरंभी येतात आणि पुन्हा मे १७८१ च्या अखेरीस. इंग्रजांच्या कॅप्टन पॉफमने किल्ला घेतला ३ ऑगस्ट १७८० च्या रात्री, शाबान नुकता लागला होता. तेव्हा तुमची ‘छ ३’ दोन्हीकडे बसते. निवाडा मजकुरावरूनच करावा लागेल. किल्ल्यात गल्ला भरा, तटाची मरामत करा असं किल्लेदारालाच सांगितलं असेल तर पत्र पहिल्या जमादिलाखरातलं.

मोडीप्रेमी
वरच्या उत्तरात एक भर. पत्रावर ‘पै॥’ अशी खूण आणि दुसरी तारीख दिसली तर ती पैवस्तीची, म्हणजे पत्र पोचल्याची. संरक्षणाच्या पत्रात लिहिल्या तारखेपेक्षा तीच मोलाची. उज्जैन ते ग्वाल्हेर साधारण ४५० किलोमीटर. जासुदाने (पत्र नेणाऱ्याने) रोज १५ कोस काटले असं धरलं तरी नऊ-दहा दिवस जातात, आणि आषाढ-श्रावणात नद्या चढलेल्या. सावध राहा म्हणून लिहिलेलं पत्र किल्ला गेल्यावर हाती पडणं सहज शक्य होतं. किल्लेदाराने आज्ञा मानली नाही असा ठपका ठेवण्याआधी दोन्ही तारखा शेजारी मांडून पाहा.

लष्करवाला
आभार. बेगमीचे (साठवलेल्या धान्याचे) आकडे कसे तपासायचे? मण आणि खंडी दोन्ही येतात.

दौलतगंज
खंडी २० मणांची, मण ४० शेरांचा. पण मणाचं वजन मुलखागणिक बदलतं, म्हणून किलोत उतरवू नका, शेरातच हिशेब करा. ५०० शिबंदी (किल्ल्यातले शिपाई), माणशी रोज १ शेर धरला तर दिवसाला साडेबारा मण. ९० दिवसांना ११२५ मण, म्हणजे सव्वाछप्पन्न खंडी. कागदावरचा आकडा याच्या निम्मा असेल तर एकतर शिबंदी कमी होती किंवा तुमचं वाचन चुकलंय. मोडी आकडे पुन्हा पाहा.

आणि ग्वाल्हेर धान्याअभावी पडलं नाही. पॉफमचे शिपाई रात्री शिड्या लावून चढले: आधी १६ फुटांचा कडा, मग सुमारे ४० यार्डांची चढण, मग ३० फुटांची भिंत. पायांत कापूस भरलेले जोडे, आवाज होऊ नये म्हणून. पत्रांत गल्ला आणि दारूगोळ्याबरोबर रात्रीच्या चौक्या-पहाऱ्याचा उल्लेख कुठे येतो, तो जरूर टिपून ठेवा.

मोडीप्रेमी
‘अर्बा समानीन’ची पत्रं वेगळ्या गठ्ठ्यात ठेवा. ते साल १७८३-८४ चं. मधल्या काळात किल्ला गोहदच्या राण्याकडे गेला होता आणि १७८३ मध्ये महादजींनी तो परत घेतला. तिथे वेढा घालणारे आपण, त्यामुळे बेगमी, मोर्चे (तोफा-शिपायांची ठाणी) हेच शब्द आले तरी ते छावणीसाठी असू शकतात.