सोलापूरच्या कलावंतांशी कधी निवांत गप्पा झाल्यात का?

कन्ना_चौककर
दिवाळीच्या आवराआवरीत ट्रंकेतून जुनी मोराची चादर निघाली आणि आमच्या गल्लीतले ग्राफवाले आन्ना आठवले. पूर्व भागात, म्हणजे आमच्या विणकरांच्या वस्तीत, वाढलेल्यांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी लिहितो. जेकार्डच्या चादरीची नक्षी आधी ग्राफ पेपरवर चौकोन भरून काढायची. मग त्या हिशोबाने पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, कार्डं एकाला एक जोडून मागावर चढवायची. भोक असेल तिथला ताणा (उभा धागा) उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. म्हणजे आन्नांकडे गोल रेघ नव्हतीच. मोराची मान वळवायची तीसुद्धा पायऱ्या-पायऱ्यांनी.

मी तेव्हा कॉलेजात, चित्रं काढतो म्हणून लई तोऱ्यात. विचारलं, चौकोनात अडकून कंटाळा येत नाही का? तर म्हणाले, "कोरा कागद दिला की मला काईच सुचत नाही बघ. चौकोन दिसला की सुचते." मग ग्राफ भिंतीला लावून दारापर्यंत मागे गेले, डोळे बारीक केले आणि मानेतला एकच चौकोन खोडला. मला ढिम्म फरक दिसेना. बऱ्याच वर्षांनी दिसायला लागला, तोवर आन्नांनी काम सोडलं होतं.

तुमच्याशी असं कुणी बोललंय का? पेंटर, नाटकवाले, रांगोळीवाले, कुणीही चालेल. लिहा.

सात_रस्ता
चादर अजून धड आहे?? आमच्याकडच्या पोरांनी तंबू करून करून वाट लावली

हुरडा_पार्टी
उलट्या बाजूला तोच मोर, रंग मात्र अदलाबदल. आम्ही भावंडं वरची बाजू कुठली यावरून भांडायचो. आई म्हणायची दोन्ही वरच्याच, झोपा आता

जुळे_सोलापूर
आमच्या दुकानाची पाटी ज्यांनी रंगवली ते पेंटरकाका. फ्लेक्स आल्यावर पाट्यांची कामं बंदच पडली. मला वाटलं माणूस खचला असणार, तर हे घरी पोरांना अक्षर शिकवत बसलेले. मी शेजारी बसून बघत होतो. एका पोराला म्हणाले, "अक्षर नको बघू, दोन अक्षरांच्या मधलं बघ. तिथं हवा खेळली पाहिजे." आता रस्त्यावरचा एक फ्लेक्स सुखाने वाचता येत नाही मला.
फ्लेक्सचा राग येतो का विचारलं. म्हणाले, "एम. एफ. हुसेन पण आपल्या पंढरपूरचेच की. मुंबईत शिनेमाची बोर्डंच रंगवायचे. मी तेवढा पुढं गेलो नाही, पण सुरुवात एकच हाय." आणि स्वतःच खदाखदा हसले.

नाटकवेडी_अक्का
कुकर लावलाय, पटकन लिहिते. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी चालू होत्या, मी नवीन. दिग्दर्शक सर रोज सगळ्यांच्या आधी येऊन झाडू मारायचे. मी म्हटलं सर मी करते ना. तर नाही म्हणाले, "झाडताना मला स्टेज कळतं. कुठली फळी वाजते, कुठं पाय अडकतो." संवाद पाठ झाले म्हणून मी खूश, आणि ते म्हणतात आता विसर आणि समोरच्याचं ऐक. हुतात्मा स्मृती मंदिरात प्रयोगाच्या दिवशी समोरच्या नटाने एक आख्खं वाक्य गाळलं. ऐकत होते म्हणून निभावलं. बक्षीस नाही मिळालं ते सोडा. पण घरी सासूबाईंचं बोलणंही तेव्हापासून शेवटपर्यंत ऐकते, आधी मध्येच तोंड घालायचे 😄
शिट्टी झाली, येते

सात_रस्ता
अक्का हे सासूबाईंना वाचायला द्या

पुण्यात_अडकलो
सगळेच कलावंत असे ज्ञानी नसतात बे. माझा मित्र तबला वाजवतो. त्याला विचारलं कलेनं तुला काय दिलं, तर म्हणाला मानदुखी. आणि कार्यक्रमाचे पैसे चार महिन्यांनी, तेही अर्धे. गप्पा छान असतात, पण आन्नांना त्या मोराचे किती मिळाले ते पण लिहा की

कन्ना_चौककर
बरोबर बोललास. कमीच मिळाले असणार. शिवाय चादरीवर कारखान्याचं लेबल असतं, ग्राफवाल्याचं नाव कुठंच नसतं.

बाळीवेस_बाई
गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या वेळी नंदीध्वजांच्या (मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्यांच्या) मार्गावर रांगोळ्या घालतात, त्यातल्या एका ताईंशी बोलले होते. पहाटेपासून वाकून वाकून काढलेली, आणि मग सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदी पोशाखातली गर्दी, सगळं त्यावरून जातं. वाईट नाही वाटत का म्हटलं. "जाण्यासाठीच तर काढली. बसून राहिली तर मला चुकाच दिसतील," असं म्हणाल्या. मुलीने काढलेला फोटोही बघत नाहीत म्हणे. पूर्वी बघायच्या, मग रात्रभर एक ठिपका डोक्यात घोळायचा.
मी शाळेत शिकवते. वह्या तपासताना ताई आठवतात, लाल पेन जरा कमी चालतो.

हुरडा_पार्टी
गड्ड्यावरून आठवलं, यंदा कोण कोण येतंय जानेवारीत? येताना @पुण्यात_अडकलो जागा धरून ठेव

पुण्यात_अडकलो
मी आलो तर शेंगाचटणीसाठीच. इथली चटणी म्हणजे नुसतं कूट आणि तिखट

नाटकवेडी_अक्का
उखळात कुटलेली घे, मिक्सरची नको. तेल सुटलं पाहिजे

जुळे_सोलापूर
अरे धागा कशाचा होता 😂

बाळीवेस_बाई
@जुळे_सोलापूर ते पेंटरकाका अजून शिकवतात का? आमच्या वर्गातल्या एका मुलाचा हात सुंदर आहे, घरची परिस्थिती बेताची.

जुळे_सोलापूर
रविवारी सकाळी शिकवतात. फीचं नाव काढलं की चिडतात, त्यामुळे काढू नका. पण सुरुवातीला कितीतरी दिवस नुसत्या उभ्या रेघा काढायला लावतात, पोराला आधीच सांगून ठेवा. माझा पुतण्या दुसऱ्या रविवारीच पळाला.