मदत हवी आहे: ही पिल्लं माँटॅनसची आहेत का? (शनिवारच्या आत)

सुसाट_सुटलेला
नमस्कार. थोडक्यात लिहितो, वेळ कमी आहे. माझ्याकडे लेपर्ड गेकोची (ठिपकेदार पाळीव पाल) जोडी आहे, माँटॅनस या उपप्रजातीची, जंगली वंशाची. दोन खेपांत चार पिल्लं झाली. त्यातलं एक वेगळंच निघालंय. ही शुद्ध माँटॅनस म्हणून देता येतील का? शनिवारी माणूस न्यायला येतोय, आगाऊ पैसे देऊन बसलाय. 'गूगल कर' सांगू नका, चार दिवस तेच करतोय.

प्राजक्ता_एनजे
वेगळंच म्हणजे कसं? पिल्लं किती दिवसांची? अंडी किती तापमानाला ठेवली होती? आणि 'जंगली वंशाची' म्हणजे नेमकं काय, आईबाप पकडून आणलेले की पणजोबा? फोटो टाका.

खडूस_काकू
पालींना अंड्याची टरफलं टांगून ठेवायची. ट्यूबलाइटच्या मागे दोन डांबरगोळ्या. आमच्याकडे तीन वर्षांत एक दिसली नाही.

सुसाट_सुटलेला
काकू, मी पाळतो त्यांना.
प्राजक्ता, जोडी इथे जर्मनीत एका प्रदर्शनात घेतली. डब्यावर 'माँटॅनस, एफ१' लिहिलेलं होतं, म्हणजे आईबाप जंगलातले. जोडीचे २८० युरो मोजलेत, फुकट नाही आणलेली. शंका एवढीच की पिल्लांवर जाड काळे पट्टे आहेत आणि नेटवरच्या माँटॅनसला ठिपके दिसतात. हो की नाही एवढंच सांगा.

रानवाट
पट्टे सगळ्यांनाच असतात हो. कुठल्याही लेपर्ड गेकोचं पिल्लू पिवळ्यावर काळे पट्टे घेऊन निघतं, मोठं होता होता पट्टे फुटून ठिपके होतात. पिल्लाचा पट्टा बघून उपप्रजाती सांगणारा माणूस ज्योतिषी समजावा. शिवाय थंड उबवलेली पिल्लं गडद होतात. २६ अंशाला जवळपास सगळ्या माद्या आणि काळपट, ३२-३३ ला बहुतेक नर आणि उजळ. म्हणून तापमान विचारलं जातंय.

आता मूळ मुद्दा. ब्लाइथने १८५४ मध्ये ही प्रजाती नोंदवली. पुढे ग्युंटरने १८६४ मध्ये फॅसिओलॅटस, बोर्नरने १९७६ मध्ये माँटॅनस आणि अफगाणिकस, १९८१ मध्ये स्मिथी अशी नावं दिली. पण पाळीव बाजारातले गेको बहुतांशी सत्तर-ऐंशीच्या दशकांत पाकिस्तानातून आले. कोण कुठल्या डोंगरातून पकडला ते कुणी लिहून ठेवलं नाही. चार भागांतले गेको एका खोक्यात आले आणि इकडे एकमेकांत मिसळले. ज्याच्याकडे पकडल्याच्या जागेची नोंद नाही, त्याच्या डब्यावरचं 'माँटॅनस' म्हणजे आडनाव ऐकून गाव ओळखण्यासारखं.

उंटावरचा_शहाणा
डीएनए करून घ्या, विषय संपला. इथे डब्यावरच्या मार्कर पेनवर भांडण चाललंय.

रानवाट
डीएनए कशाशी जुळवणार? जागा माहीत असलेला अस्सल नमुना समोर नको का? तुमच्या जोडीचा नमुना शेजाऱ्याच्या जोडीशी जुळला तर दोघांनी एकाच टेबलवरून घेतले एवढंच कळेल.

उंटावरचा_शहाणा
तुम्हाला काहीच पटत नाही. मी आफ्रिकन फॅट-टेल पाळलेत सात वर्षं.

रानवाट
तो वेगळ्या वंशातला, वेगळ्या खंडातला. त्याचा इथे काय संबंध?

निशाचर
अवांतर, पण आपल्याकडचा फस्कस, म्हणजे लेपर्ड गेकोचा भारतातला भाऊबंद, बघितलाय का कुणी? वळवाचा पाऊस होऊन गेला की रात्री कातळावर येतो. टॉर्चच्या उजेडात आधी शेपूट दिसते, मांजरासारखी हळूहळू हलवत असतो. आमच्या गावात विषारी समजून दगडाने ठेचतात, बिचाऱ्याला विष नाही काही नाही. मागच्या जूनमध्ये एका रात्रीत तीन दिसले, [संपादित] च्या वरच्या पठारावर.

रानवाट
जागा काढलीत ते बरं केलंत. २०१४ मध्ये सातपुड्यातून सातपुराएन्सिस ही नवी प्रजाती नोंदवली गेली. अशी नवी नावं आणि जागा पकडणारे सगळ्यात आधी वाचतात. आज गावाचं नाव लिहा, उद्या तिथला नर कुठल्यातरी डब्यात.

खडूस_काकू
टरफलं धुऊन वाळवायची बरं का, नाहीतर वास येतो.

सुसाट_सुटलेला
धागा भरकटवू नका प्लीज. तापमान २८. पिल्लं तीन आठवडे ते पाच आठवडे. एकाचे पट्टे काळे नाहीत, फिकट तपकिरी आहेत, अंग गुलाबीसर. डोळे चंदेरी-गुलाबी. तेवढं सोडलं तर चारही अगदी छान खातात.

प्राजक्ता_एनजे
अहो, हे आत्ता सांगताय? तेच तर सगळं उत्तर आहे! हा अल्बिनो आहे, म्हणजे अंगात काळा रंग बनत नाही. अल्बिनो गुण अप्रकट असतो, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आल्याशिवाय दिसत नाही. तुमचे दोन्ही गेको वाहक आहेत, गुण अंगात आहे पण दिसत नाही. पाळीव गेकोंत अल्बिनोच्या तीन वेगळ्या वंशरेषा आहेत, ट्रेम्पर, बेल आणि रेनवॉटर, तिन्ही नव्वदच्या दशकात अमेरिकेत पुढे आल्या. इथल्या प्रत्येक दुसऱ्या घरात ट्रेम्पर आहे. तुमच्या 'जंगली' जोडीत बाजारातलं रक्त आलंय.

उंटावरचा_शहाणा
थांबा थांबा. तो गुण मुळात जंगलातल्या पूर्वजांकडूनच आला ना? मग जंगली वाहक असू शकत नाही?

रानवाट
यावेळी शहाणेसाहेबांचं बरोबर आहे, कॅलेंडरवर खूण करा. नर-मादी सख्खी भावंडं असतील तर एका जंगली आजोबाचा गुण दोघांत उतरू शकतो. जोडी भावंडांची आहे का?

सुसाट_सुटलेला
नाही. दोन वेगळे डबे होते. एकाच टेबलवर, पण मादी वयाने बरीच मोठी आहे. आणल्यावर तीन आठवड्यांत तिने पहिली अंडी घातली, फार पटकन सेट झाली.

प्राजक्ता_एनजे
तीन आठवडे?? ती तिथूनच गाभण आली असणार. शिवाय या माद्या वीर्य साठवून ठेवतात, नंतरची अंडीसुद्धा जुन्या नराची निघू शकतात. गुलाबी पिल्लू कुठल्या खेपेतलं?

सुसाट_सुटलेला
पहिल्या.

प्राजक्ता_एनजे
मग त्याचा बाप तुमचा नर आहे असं मी तरी म्हणणार नाही. मी वर दोघांना वाहक म्हटलं ते मागे घेते, आई नक्की वाहक, बाकी कुणास ठाऊक. खात्री करायची तर पिल्लू मोठं झाल्यावर माहीत असलेल्या ट्रेम्परशी जोडी लावायची. अल्बिनो निघाले तर तुमचा गुण ट्रेम्परचाच. सगळी साधी निघाली तर रेष दुसरी. म्हणजे पुढचं वर्ष.

सुसाट_सुटलेला
शनिवार परवा आहे.

रानवाट
मग डब्यावर 'लेपर्ड गेको, मूळ अज्ञात, आई अल्बिनो वाहक' लिहा आणि भाव त्याप्रमाणे लावा. 'माँटॅनस' लिहून दिलंत तर तो त्यांची पिल्लं 'माँटॅनस' म्हणूनच विकणार. तुमच्याकडे हे असंच आलंय. आणि मोठ्या मादीची विष्ठा एकदा पशुवैद्याकडून तपासून घ्या, जंगली असो नसो. शेपूट बारीक होत नाहीये ना? क्रिप्टो (आतड्यातला परजीवी) शिरला तर सगळे डबे जातील.

सुसाट_सुटलेला
शेपूट ठीक आहे. त्या माणसाला फोन केला. म्हटलं, माँटॅनस म्हणून देता येणार नाहीत, आगाऊ परत पाठवतो. तो म्हणाला, पैसे राहू द्या, ते गुलाबी केवढ्याला देणार?

उंटावरचा_शहाणा
केवढ्याला म्हणालात?

रानवाट
फोटो अजून टाकलेला नाही.