कार्टरचं भाषण दोघांनी लिहिल्यासारखं का वाटतं? (व्हान्स विरुद्ध ब्रेझिन्स्की)

शनिवारपेठी:
नमस्कार मंडळी. स्पर्धापरीक्षेसाठी शीतयुद्ध वाचतेय आणि अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्यापाशी गाडी अडलीय. क्लासच्या नोट्समध्ये प्रकरण एका ओळीत उरकलंय: "परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स मवाळ, सुरक्षा सल्लागार झ्बिग्न्यू ब्रेझिन्स्की जहाल, कार्टर गोंधळलेले." एवढ्यावर समाधान होईना म्हणून कार्टरचं ७ जून १९७८ चं भाषण शोधून वाचलं. ॲनापोलिसच्या नौदल अकादमीत केलेलं. वाचून आणखीच गोंधळले. इथे सहकार्याची भाषा, तिथे सरळ दम. रशियाला सांगतात काय, तर संघर्ष हवा की सहकार्य ते तुम्ही ठरवा, आमची दोन्हीला तयारी आहे. एकाच माणसाचं भाषण वाटतच नाही.

दोन शंका आहेत. परराष्ट्रमंत्र्याच्या नेमणुकीला सेनेटची मंजुरी लागते, सुरक्षा सल्लागाराला ती लागत नाही. मग सल्लागार मंत्र्याला भारी कसा पडतो? आणि तेहरानच्या वकिलातीत धरून ठेवलेल्या अमेरिकन ओलिसांच्या सुटकेची मोहीम फसली म्हणून व्हान्सने राजीनामा दिला, हे बरोबर ना?

चहाखारी:
वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. खाडीकाठ काकांना कोणीतरी हाक मारा, त्यांचा हा आवडता विषय आहे.

खाडीकाठ:
आलो. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, टंकनाच्या चुका पोटात घाला.

जहाल-मवाळ हे खोटं नाही, पण त्याने फसायला होतं. टिळक-गोखल्यांचं भांडण सभांत आणि वर्तमानपत्रांत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालायचं. इथलं भांडण कागदाचं होतं. कोणाचा कागद शेवटचा साहेबांच्या टेबलावर जातो, त्याचं.

भाषणाबद्दलचा तुझा संशय रास्त आहे. कार्टरचा मुख्य भाषणलेखक होता जेम्स फॅलोज. नोकरी सोडल्यावर त्याने १९७९ मध्ये लिहूनच टाकलं, की व्हान्सचं टिपण आणि ब्रेझिन्स्कीचं टिपण साहेबांनी जवळजवळ स्टेपल करून जोडलं, दोघांचं एकमेकांशी जुळतं का हे न बघता. मी जन्मभर सरकारी फायली पाहिल्या. एकाच फाईलवर दोन उलटे शेरे आणि दोन्हींखाली 'मान्य' अशी सही मीही पाहिलीय, पण ती फाईल पंपाच्या दुरुस्तीची होती.

आता सल्लागार भारी कसा पडतो ते. कार्टरने जानेवारी १९७७ मध्ये, आल्या आल्या, दोन समित्या केल्या. एकीचं अध्यक्षपद विषयाप्रमाणे त्या त्या मंत्र्याकडे. दुसरीकडे शस्त्रनियंत्रण, गुप्त कारवाया आणि आणीबाणीचे प्रसंग, आणि तिचा अध्यक्ष ब्रेझिन्स्की. शिवाय त्याला मंत्र्याचा दर्जा. पण खरी मेख इतिवृत्तात होती. बैठकीत काय ठरलं, कुठे एकमत झालं नाही, हे ब्रेझिन्स्कीचं कार्यालय लिहायचं आणि परस्पर राष्ट्राध्यक्षांकडे पाठवायचं. गुप्तता राखायची म्हणून आधी मंत्र्यांना दाखवायचं नाही. आपण काय बोललो असं लिहिलंय, ते बघायचं तर व्हान्सने व्हाइट हाऊसवर जाऊन बघायचं! आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला हे सांगितलं तेव्हा तो नुसता हसला.

त्यात रोज सकाळी राष्ट्राध्यक्षांना जगाची खबर द्यायला जाणार ब्रेझिन्स्की. त्याची खोली त्याच इमारतीत. व्हान्सचं खातं वॉशिंग्टनच्याच फॉगी बॉटम भागात. मुलगा मेरीलँडला असतो, त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा हे अंतर मी चालून पाहिलं. गुडघे सांभाळत पंचवीस मिनिटं लागली. पंचवीस मिनिटांत बरंच काही ठरतं.

माणसंही दोन तऱ्हेची. व्हान्स न्यूयॉर्कचा वकील, जॉन्सनच्या काळात संरक्षण खात्यात उपमंत्री. व्हिएतनाम त्याने आतून पाहिलं होतं आणि पोळला होता. वकिलाचा स्वभाव असा, की पक्षकारांना एका टेबलाशी बसवा, एकेक कलम मिटवा. ब्रेझिन्स्की जन्माने वॉर्साचा, कोलंबिया विद्यापीठातला प्राध्यापक. रशिया हा त्याच्यासाठी नुसता अभ्यासविषय नव्हता, घरचा हिशोब होता.

पहिली ठिणगी पडली आफ्रिकेत. १९७७ च्या जुलैत सोमालियाने इथिओपियाच्या ओगादेन प्रांतात सैन्य घुसवलं. रशियाने इथिओपियाला विमानांनी शस्त्रं पोचवली, क्यूबाचे पंधराएक हजार सैनिक लढायला आले. ब्रेझिन्स्की म्हणाला, विमानवाहू जहाज त्या बाजूला पाठवा, रशियाला दिसू दे. व्हान्स म्हणाला, आगळीक सोमालियाची आहे, आपण कोणत्या तोंडाने जायचं? आणि सॉल्ट-२ ची, म्हणजे रशियाशी अण्वस्त्रं मर्यादित करण्याच्या कराराची, बोलणी यात ओढू नका. संरक्षणमंत्री हॅरॉल्ड ब्राऊन एरवी ब्रेझिन्स्कीच्या बाजूला झुकायचा, पण इथे तोही व्हान्सबरोबर राहिला. जहाज गेलं नाही. सॉल्ट ओगादेनच्या वाळूत पुरला गेला, असं ब्रेझिन्स्की पुढे म्हणत राहिला. ती वाळू त्याने शेवटपर्यंत झटकली नाही.

दुसरा प्रसंग चीनचा, आणि हा मला जास्त बोलका वाटतो. मे १९७८ मध्ये ब्रेझिन्स्की स्वतः बीजिंगला गेला. त्या वर्षाअखेरीस चीनशी राजनैतिक संबंध जोडायचं ठरलं. घोषणा १ जानेवारीला होणार होती, ती अलीकडे ओढून १५ डिसेंबरला केली. तेव्हा व्हान्स कुठे? इस्रायल आणि इजिप्तमध्ये, तहाच्या खटपटीत. देशाचं सर्वांत मोठं वळण ठरतंय आणि परराष्ट्रमंत्री परगावी! त्याला घाईने परतावं लागलं. आठवडाभरात तो जिनिव्हात रशियाचा परराष्ट्रमंत्री ग्रोमिको याच्यासमोर बसला, सॉल्ट-२ चा शेवटचा हात फिरवायला, तर ग्रोमिको आखडला. करार व्हिएन्नात सही व्हायला १८ जून १९७९ उजाडलं.

आणि राजीनामा. इथे तुझी समजूत सपशेल चुकलीय. तारखा बघ.

१९८० च्या ११ एप्रिलला राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या बैठकीत ओलिसांच्या सुटकेसाठी सैनिकी मोहिमेचा निर्णय झाला. व्हान्स तेव्हा बायकोबरोबर फ्लोरिडात दोन दिवसांच्या सुट्टीवर. त्याच्या जागी बैठकीला त्याचा उपमंत्री वॉरन ख्रिस्तोफर. परत आल्यावर व्हान्सला कळलं. त्याने पुन्हा बैठक मागितली, ती १५ एप्रिलला मिळाली, म्हणणं मांडलं. ओलीस जिवंत आहेत, घाई करू नका, आणि युरोपीय मित्रांना आपण सांगितलंय की निर्बंध घाला म्हणजे आम्ही बळ वापरणार नाही, त्या शब्दाचं काय? कोणी बधलं नाही. २१ एप्रिलला त्याने राजीनाम्याचं पत्र दिलं. मोहीम २४ एप्रिलची. निमिट्झ जहाजावरून आठ हेलिकॉप्टर उडाली, वाळवंटात पोचेपर्यंत कामाची पाचच उरली, किमान सहा लागणार होती. मागे फिरताना एक हेलिकॉप्टर विमानावर आदळलं आणि आठ जण गेले. राजीनामा जाहीर झाला २८ तारखेला.

म्हणजे अपयशामुळे राजीनामा नाही. मोहीम यशस्वी झाली तरी मी जाणार, असं त्याने साहेबांना आधीच सांगितलं होतं. मधले चार दिवस हा माणूस गप्प राहिला, कारण बोलला असता तर मोहीम फुटली असती. धोरणाच्या मतभेदावरून इतक्या उघडपणे परराष्ट्रमंत्र्याने जाणं हे १९१५ मधल्या विल्यम जेनिंग्ज ब्रायननंतरचं पहिलंच मानतात.

हडसनपार:
काका, प्रतिसाद झकास, पण थोडा असहमत. तुमचा व्हान्स जरा जास्तच सोवळा झालाय.

मार्च १९७७ मध्ये मॉस्कोला मोठ्या शस्त्रकपातीचा प्रस्ताव घेऊन व्हान्स स्वतःच गेला होता. आधीचे राष्ट्राध्यक्ष फोर्ड आणि रशियाचे ब्रेझनेव्ह यांचं १९७४ मध्ये व्लादिवोस्तोकला ठरलेलं बाजूला ठेवून. रशियनांनी तो धुडकावला. सॉल्टची दोन वर्षं तिथेच गेली, त्याचं खापर ब्रेझिन्स्कीवर कसं? दुसरं, इस्रायल-इजिप्तच्या बोलण्यांत, कॅम्प डेव्हिडला, सप्टेंबर १९७८ मध्ये हीच दोन माणसं खांद्याला खांदा लावून काम करत होती. पनामा कालव्याच्या करारावरही भांडण नव्हतं. म्हणजे कागद कोण पाठवतो हा मुद्दा कायमच भारी पडत नव्हता. रशियाचा विषय निघाला की पडायचा.

आणि खरा आरोपी तिसरा. कार्टरला दोन्ही आवाज हवेच होते. दर शुक्रवारी दोघांना नाश्त्याला बसवायचा, ऐकून घ्यायचा. मतभेद असणं हा दोष नाही हो, निकाल न देणं हा दोष.

(इथे तीस वर्षं राहून सांगतो, शेजारच्या म्हाताऱ्या अमेरिकनांना कार्टर म्हटलं की अजून पेट्रोलच्या रांगाच आठवतात.)

खाडीकाठ:
मार्च ७७ चा मुद्दा मान्य. तो मी सोयीस्कर गाळला.

पण कार्टर निकाल देत नव्हता हे अर्धंच खरं. इराणच्या वेळी बघा. १९७८ च्या नोव्हेंबरात तेहरानमधला राजदूत विल्यम सुलिव्हन लिहितोय, शहा (इराणचा राजा) टिकणार नाही, पुढचा विचार करा. परराष्ट्र खात्यातले इराणचे जाणकार त्याच सुरात. ब्रेझिन्स्की मात्र शहाचा वॉशिंग्टनमधला राजदूत झाहेदी याच्याशी परस्पर बोलतोय आणि लष्कराने कणखर व्हावं म्हणतोय. मग १९७९ च्या जानेवारीत अमेरिकेच्या जनरल हायझरला तेहरानला पाठवलं, इराणी सेनापतींना धरून ठेवायला. एका शहरात अमेरिकेची दोन माणसं, दोघांचे वॉशिंग्टनला वेगवेगळे फोन. शहा १६ जानेवारीला देश सोडून गेला, क्रांतीचे नेते खोमेनी १ फेब्रुवारीला परतले. शेवटी सगळं कोसळत असताना सुलिव्हनला विचारणा झाली की ब्रेझिन्स्की विचारतोय, लष्करी उठाव शक्य आहे का. त्यावर सुलिव्हनने एक छापता न येणारा शब्द वापरला आणि वर विचारलं, पोलिश भाषेत भाषांतर करून देऊ का? ही गोष्ट त्याने स्वतःच सांगितलीय. निकाल दिला जात होता, हडसनपार. पण रोज अर्धा, आणि दोन्हीकडे वाटून.

शनिवारपेठी:
बाप रे. नोट्स फाडते. 🙏

काका, एक विचारू? चीनवरून आठवलं. चीनचे नेते देंग शियाओपिंग जानेवारी १९७९ च्या अखेरीस अमेरिकेत आणि १७ फेब्रुवारीला चीनचा व्हिएतनामवर हल्ला. तेव्हा आपले परराष्ट्रमंत्री वाजपेयी चीनमध्येच होते ना? आणि तुम्हाला या दोघांचं एवढं वेड कुठून?

खाडीकाठ:
होय, होतेच. १९६२ नंतर इतक्या वरच्या पातळीवरची ती पहिली भेट, आणि पाहुणा घरात असताना यजमानाने शेजाऱ्यावर तोफा डागल्या. वाजपेयी दौरा आवरता घेऊन परतले. देंगने वॉशिंग्टनमध्ये कार्टरला हल्ल्याची कल्पना दिली होती. कार्टरने करू नका असं सांगितलं, पण बेताने. ब्रेझिन्स्कीला धास्ती होती, की व्हान्सच्या सांगण्याने कार्टर जास्त जोर लावेल आणि चीन दुरावेल. देंग आल्या आल्या पहिल्या संध्याकाळी जेवायला कोणाकडे होता माहितीये? ब्रेझिन्स्कीच्या घरी.

वेड कुठून, ते सांगतो. मी तारापूरला अणुवीज केंद्रात होतो. हुद्दा मोठा नव्हता. दोन्ही भट्ट्या अमेरिकन, १९६९ पासून चालू. समृद्ध युरेनियम १९६३ च्या करारानुसार अमेरिकेतून यायचं, हैदराबादला त्याच्या गोळ्या आणि कांड्या व्हायच्या, मग आमच्याकडे. १९७४ मध्ये पोखरण झालं आणि तिकडे प्रत्येक खेपेला खळखळ सुरू झाली.

३१ डिसेंबर १९७७ ला कार्टर तेहरानमध्ये शहाच्या मेजवानीत इराणला स्थैर्याचं बेट म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी दिल्लीत उतरला. २ जानेवारीला मोरारजींशी बोलणी झाली. मोरारजी अणुकेंद्रांच्या तपासणीवर तसूभर हलले नाहीत. नंतर कार्टर व्हान्सच्या कानाशी म्हणाला, परत गेलो की यांना आणखी एक पत्र लिहू, थंड आणि अगदी रोखठोक. आणि माइक चालू होता! ते सगळ्या जगाने ऐकलं. आमच्या वसाहतीत महिनाभर तोच विनोद. कोणाला रजा नाकारली की 'थंड आणि रोखठोक'. व्हान्स हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

युरेनियम मात्र आलं. एप्रिल १९७८ मध्ये त्यांच्या अणुनियमन आयोगात दोन विरुद्ध दोन अशी मतं पडली, तेव्हा कार्टरने स्वतःच्या आदेशाने खेप सोडली. १९८० मध्ये पुन्हा तेच, या वेळी ३८ टनांचा प्रश्न. आयोग एकमताने नाही म्हणाला, कार्टर हो म्हणाला. तोवर रशिया अफगाणिस्तानात शिरला होता, ब्रेझिन्स्की खैबर खिंडीत जाऊन आला होता, पाकिस्तानच्या झियांना मदत देऊ केली होती, तेव्हा दिल्लीलाही अगदीच तोडून चालणार नव्हतं. इतकी वर्षं ज्यांचं पटत नव्हतं ती दोन कार्यालयं आमच्या युरेनियमपुरती एका बाजूला! प्रतिनिधीगृहाने विरोधात मत दिलं. २४ सप्टेंबरला सेनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ ने आमची खेप वाचली.

सेनेटरांची मनधरणी करत फिरत होता तो नवा परराष्ट्रमंत्री एडमंड मस्की. कॅन्टीनमध्ये रेडिओवर बातमी लागली तेव्हा आमच्या पाळीतले एक जण म्हणाले, हा कोण मस्की, आणि तो थंड पत्रवाला कुठे गेला? कोणालाच सांगता आलं नाही. चार वाजत आले होते, पुढची पाळी आत येत होती.