आमदारकी करून मग जज? अमेरिकेत हे चालतं कसं?

कोर्टनाक्याची_कार्टी: लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे, ठाणे कोर्टात एका सरांकडे इंटर्नशिप म्हणजे झेरॉक्स आणि तारखा लिहून घेणं. काल अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातली पहिली बाई जज सँड्रा डे ओकॉनर हिच्याबद्दल वाचत होते, बाई आधी सरकारी वकील मग ॲरिझोना राज्याच्या सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या विधिमंडळात, मग डायरेक्ट जज!! आपल्याकडे काल प्रचार करणारा आज डायसवर दिसला तर केवढा गोंधळ होईल, तिकडे कुणी काही बोलत नाही का?

वाशीची_वकीलबाई: डायरेक्ट कुठे गं. १९५२ ला स्टॅनफर्डमधून लॉ केलं तर फर्मवाले विचारतात टायपिंग येतं का. शेवटी सॅन मटेओ काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) सरकारी वकिलांकडे बिनपगारी राहिली, टेबलसुद्धा सेक्रेटरीच्या खोलीत. मग १९६५ पासून ॲरिझोनात असिस्टंट ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्याची सरकारी वकील, १९६९ ला सिनेटच्या रिकाम्या जागी नेमणूक, पुढे स्वतः निवडून आली आणि १९७३ ला तिथल्या बहुमतवाल्या पक्षाची नेता, कुठल्याही राज्याच्या सिनेटमध्ये असं पद मिळालेली पहिली बाई. १९७४ ला मॅरिकोपा काउंटीत जज म्हणून निवडून आली, तेही मतं मागून.

घोडबंदरकर: जज मतं मागणार?? मग बॅनरचा खर्च ज्याने केला त्याचीच केस बोर्डावर लागली की काय 😂

वाशीची_वकीलबाई: अहो तिचाही आक्षेप हाच होता. त्याच वर्षी ॲरिझोनाने मोठ्या काउंट्यांत पद्धत बदलली, समिती नावं सुचवते आणि गव्हर्नर, म्हणजे तिथला मुख्यमंत्रीच, नेमतो. रिटायर झाल्यावरही बाई जजच्या निवडणुकांविरुद्ध बोलत राहिली.

नाना_नौपाडा: पोरी, आपल्याकडे झालंच नाही असं समजू नकोस. कृष्ण अय्यर १९५७ ला केरळात मंत्री होते, नंतर हायकोर्ट आणि १९७३ ला सुप्रीम कोर्ट, गरीब पक्षकारासाठी कोर्टाचं दार उघडं केलं म्हणून आमच्या पिढीचे वकील अजून हात जोडतात. आणि बहरुल इस्लाम, काँग्रेसचे राज्यसभा खासदार, मग गुवाहाटी हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट, १९८३ ला राजीनामा देऊन परत राज्यसभा. त्यांचं नाव काढलं की बाररूममध्ये चहा गार होतो.

घोडबंदरकर: नाना 🙏 पण मग त्या बाईला सुप्रीम कोर्टात पाठवताना तरी राजकारण काढलं असेल ना कुणीतरी

वाशीची_वकीलबाई: १९८१ ला राष्ट्राध्यक्ष रेगनने नाव दिलं, गर्भपातावरून थोडी कुरकुर झाली पण देशाच्या सिनेटमध्ये मतदान ९९ विरुद्ध ०. आपल्याकडे सुप्रीम कोर्टात पहिली बाई, फातिमा बीवी, १९८९ ला.

कोर्टनाक्याची_कार्टी: थँक्यू सगळ्यांना. सेक्रेटरीच्या खोलीतलं टेबल वाचून जीव भांड्यात पडला, मला अजून टेबलच नाही, फाइल मांडीवर घेऊन बसते.