इटलीत आईबाबांसोबत: ट्रेन की भाड्याची गाडी?

भटकी_सई:
रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस आणि जमलं तर टस्कनीतली एकदोन गावं. सोबत सत्तरीतले आईबाबा. भाऊ म्हणतो, रोमला उतरल्या उतरल्या गाडी घेऊ. माझं मत: अजिबात नको. रोम ते फ्लोरेन्स वेगवान ट्रेनने दीड तास, गाडीने जवळपास तीन, वर टोल. फ्लोरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनातून दुओमो, म्हणजे तिथलं मोठं कॅथेड्रल, चालत दहा मिनिटांवर. व्हेनिसला तर गाडी शहराच्या तोंडाशी असलेल्या पियात्झाले रोमा चौकाच्या पुढे जातच नाही. मग रोज पार्किंगचे पैसे भरून ती सांभाळायची कशाला?

घाटवाट:
शहरांपुरतं मान्य, टस्कनीचं नाही. पिएन्झाला स्टेशनच नाही. मोन्तेपुल्चानोला आहे, पण गावापासून लांब खाली, आणि रविवारी बसचे हाल. पिएन्झाच्या आसपासचं व्हाल दोर्चा खोरं 2004 साली युनेस्कोच्या यादीत आलं ते तिथल्या शेतांच्या आणि टेकड्यांच्या रचनेसाठी. वाटेत मनात आलं की गाडी बाजूला घ्यायची, आईबाबांना सायप्रसच्या झाडांच्या सावलीत बसवायचं, वाटलं तर तासभर थांबायचं. ट्रेनमधून हे कसं होणार? शिवाय जुन्या प्रादेशिक डब्यांच्या उंच, अरुंद पायऱ्या आणि अगदी ऐनवेळी फलकावर झळकणारा फलाट क्रमांक. चार बॅगा घेऊन म्हाताऱ्या माणसांनी पळायचं का?

रुळावरून:
आणि झेडटीएल, म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग, विसरलात? फ्लोरेन्सच्या जुन्या भागात परवानगी नसलेल्या गाड्यांना बंदी आहे. लाल कडेची गोल पाटी आणि खाली इलेक्ट्रॉनिक फलक. त्यावर 'वार्को अत्तिव्हो', म्हणजे बंदी चालू, असं असलं की आत जायचं नाही. अडवायला पोलीस नसतो, कॅमेरा नंबर टिपतो. गाडी देणारी कंपनी तुमचं नाव-पत्ता कळवते, त्याचे पैसे वेगळे कापते, आणि दंडाचं पत्र कित्येक महिन्यांनी घरी येतं. गल्ली चुकून दोनदा आत गेलात तर दंडही दोनदा.

घाटवाट:
एवढा बागुलबुवा नको. गाडी शहरात घ्यायचीच नाही. टी-2 ट्रामने फ्लोरेन्सच्या पेरेतोला विमानतळावर जायचं आणि तिथून घ्यायची. तिथून बाहेरच्या बाहेर निघता येतं. टोलनाक्यावर पिवळ्या टेलेपास (आपल्या फास्टॅगसारख्या) लेनमध्ये शिरायचं नाही, एवढं लक्षात ठेवलं की झालं. वरंधा घाटात गाडी चालवणाऱ्या माणसाला हे जड जाऊ नये.

रुळावरून:
वरंधा घाटात तुम्ही डावीकडून चालवता हो! इथे स्टिअरिंग डावीकडे, रस्ता उजवीकडचा, गिअर उजव्या हातात. चौकात आपोआप चुकीच्या बाजूला वळायला होतं आणि मागे आईबाबा बसलेले असतात. गाडी बहुतेक गिअरची मिळते, ऑटोमॅटिक महाग. आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढावं लागतं ते वेगळंच, आणि डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्डावर मोठी रक्कम अडकते.

मधली_सीट:
ट्रेनवाल्यांनी संपाचंही सांगा की. इटलीत तो वरचेवर असतो.

रुळावरून:
असतो, पण आधी जाहीर होतो. कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 ठरावीक प्रादेशिक गाड्या सोडाव्याच लागतात. तारीख बघून बेत हलवता येतो.

भटकी_सई:
माझा विरोध कायम. टेकडीवरचं जुनं गावच बघायचं तर ओर्व्हिएतो आहे: रोम-फ्लोरेन्स मार्गावर, स्टेशनासमोरून फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी छोटी रेल्वे, थेट वर. गावापर्यंत आईला एकही चढ चढावा लागत नाही.

घाटवाट:
ओर्व्हिएतो सुंदरच, पण ते टस्कनीत नाही, शेजारच्या उम्ब्रिया प्रांतात, आणि एका गावावर व्हाल दोर्चाची तहान भागत नाही. रोम आणि व्हेनिस ट्रेननेच करा, माझं काही म्हणणं नाही. फ्लोरेन्सहून मात्र दोन दिवस गाडी घ्या आणि मुक्काम पिएन्झाजवळच्या एखाद्या शेतघरात करा. भाऊ चालवायला तयार आहे ना? मग ऑटोमॅटिक आत्ताच बुक करा, उन्हाळ्यात त्या आधी संपतात.