मिशी, मिशा, कल्ले, मिसरूड

प्रश्न : मांजराच्या तोंडाजवळच्या राठ केसांना मिशांखेरीज दुसरा शब्द आहे का? मुलीच्या वहीत 'स्पर्शकेस' लिहिलंय. शिवाय लिहायचं काय, 'मिशा' की 'मिश्या'?

– स्पर्शकेस अर्थाने चोख आहे. या केसांची मुळं अंगावरच्या केसांपेक्षा खोल असतात आणि भोवती मज्जातंतूंचं जाळं असतं, म्हणून अंधारातही अडथळा कळतो. पण 'मनीने स्पर्शकेस दुधात बुडवले' असं कोण म्हणणार? घरात मिशाच. वाघाच्या, उंदराच्या, कोळंबीच्या, झुरळाच्यासुद्धा. शेवटच्या दोघांच्या मिशा म्हणजे केस नव्हेतच, पुस्तकात त्यांना शृंगिका म्हणतात. पण कोळंबी साफ करताना शृंगिका कुणी काढत नाही.

– मिशा आणि मिश्या, दोन्ही छापलेलं दिसतं. श नंतरचा य बोलताना विरून जातो, मी मिशाच लिहितो. मला गंमत वाटते ती वचनाची. ओठावरचा पट्टा एकच, तरी 'झुबकेदार मिशा', कारण डावी-उजवी अशा दोन. हसायचं मात्र एकवचनातच, मिशीतल्या मिशीत! पैजेवर उतरवायची तीही मिशीच.

– कल्ले राहिले की. कानापासून गालावर उतरतात ते कल्ले; तेच वाढून मिशीला भिडले की गलमिशा. आणि मासळीबाजारात? तिथे माझी आई अजून मावशीला म्हणते, "कल्ला उचलून दाखव गो." आत लालभडक असेल तरच पापलेट पिशवीत. मासा असो की माणूस, कल्ले गालाशीच.

– मिसरूड विसरू नका. ओठावरची पहिली कोवळी लव, नपुंसकलिंगी. 'मिसरूड फुटलं' हे वयात आल्याचं नुसतं वर्णन, पण 'अजून मिसरूड फुटलं नाही आणि चालला अक्कल शिकवायला' म्हटलं की पोरगा गार.

– आणि श्मश्रू! मूळ अर्थ दाढीमिशा. मराठीत 'श्मश्रू केली' म्हणजे ती उतरवली. दाढीचंही तेच, वाढवली तर 'ठेवली', काढली तर 'केली'. आमच्या परभाषिक जावयांना हे पटवता पटवता ताई थकली. मिशी मात्र कोणी 'करत' नाही. ती ठेवतात, कोरतात, नाहीतर सरळ काढतात.