जुने घर, नवे गृहकर्ज आणि मृगाच्या आधीची डागडुजी: हिशेब कसा मांडावा?

प्रश्न: शिक्षक, परभणी

नमस्कार. मी परभणीत एका अनुदानित शाळेत शिक्षक आहे. नऊ वर्षे भाड्याच्या घरात काढल्यानंतर आम्ही उभयतांनी अकरा वर्षांपूर्वी बांधलेले एक बैठे रो-हाऊस घेण्याचे ठरवले असून मालकाशी २८ लाखांवर बोलणी झाली आहेत. आमची बचत ११ लाखांची आहे. त्यातले ८ लाख घरात घालून उरलेले ३ लाख मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि डागडुजीसाठी ठेवावेत आणि २० लाखांचे कर्ज काढावे, असा विचार आहे.

कर्जाचे दोन देकार हाती आहेत. एका बँकेचा दर रेपोशी (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते त्याच्याशी) जोडलेला असून तो आज ८.५० टक्के आहे. एका गृहवित्त कंपनीचा दर ८.२५ टक्के आहे, मात्र तो कंपनीच्या स्वतःच्या आधारदराशी जोडलेला आहे आणि ७८,००० रुपयांचा एकरकमी विमा कर्जातच मिळवलेला आहे. मुदत दोन्हीकडे वीस वर्षांची आहे. माझा पगार नियमित असला तरी वडिलांच्या चार एकर सोयाबीन-तुरीवर घरातला बराच खर्च चालतो आणि ते उत्पन्न पावसावर अवलंबून असते.

दुसरी काळजी घराचीच आहे. परवा भर दुपारी घर पाहिले तेव्हा बैठकीच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी खाली उतरणारी एक भेग दिसली आणि जिन्याच्या खोलीच्या छताला ओल उतरल्याचे पिवळट डाग दिसले. रंग दिला की सगळे झाकले जाईल, असे मालक म्हणतात. कर्ज कोणते घ्यावे, मुदत किती ठेवावी आणि अशा घराला दरवर्षी किती खर्च धरावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १: निवृत्त बँक अधिकारी, नांदेड

सर, दोन्ही देकारांतील दरांची तुलना करण्याऐवजी खिशातून प्रत्यक्ष किती जाणार ते पाहावे. २० लाखांवर ८.५० टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता १७,३५६ रुपये येतो आणि ८.२५ टक्क्यांनी १७,०४१ रुपये. परंतु विम्याचे ७८,००० रुपये मिळवले की कंपनीचे कर्ज २० लाख ७८ हजारांचे होते आणि हप्ता १७,७०६ रुपयांवर जातो, म्हणजे कमी दराचे म्हणून दाखवलेले कर्ज दरमहा ३५० रुपयांनी महाग पडते आणि विम्याच्या रकमेवरही आपण वीस वर्षे व्याज भरत राहता. कर्जदाराचा विमा असावा याबद्दल दुमत नाही. पण ठरावीक कंपनीचाच घ्यावा अशी सक्ती कर्ज देणाऱ्याला करता येत नाही. आपल्या वयाला वेगळा टर्म विमा कितीला पडतो ते आधी विचारावे. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जाबरोबर मुख्य माहितीचे एक पत्रक द्यावेच लागते. त्यात शुल्क आणि विमा धरून एकूण वार्षिक दर लिहिलेला असतो. दोन्ही ठिकाणची ती पत्रके मागून घ्यावीत आणि शेजारी शेजारी ठेवून वाचावीत.

आधारदराचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी तरत्या दराची (वेळोवेळी दर बदलणारी) गृहकर्जे रेपोसारख्या बाहेरच्या मानदंडाशी जोडावी लागतात आणि निदान तीन महिन्यांतून एकदा दर बदलावा लागतो. गृहवित्त कंपन्यांना हे बंधन नाही. त्यामुळे व्याजदर उतरू लागतात तेव्हा त्यांच्या जुन्या ग्राहकाला तो लाभ कधी आणि किती द्यायचा, हे बऱ्याच अंशी कंपनीच ठरवते. रेपोशी जोडलेला दर वर जातानाही तितक्याच तत्परतेने जातो, हे मात्र लक्षात ठेवावे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर गेला. ज्याने २०२१ मध्ये ६.७५ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी २० लाख घेतले होते, त्याचा हप्ता १५,२०७ रुपये होता; दीड वर्षाने दर ९.२५ टक्के झाल्यावर उरलेल्या सुमारे सव्वाएकोणीस लाखांवर महिन्याचे व्याजच १४,८४० रुपयांच्या आसपास होऊ लागले. हप्ता तोच ठेवला तर मुद्दलात जेमतेम साडेतीनशे रुपये जमा होतात आणि कर्ज फिटायला पुढे चाळीस वर्षे लागतात. मुदत अशी वाढत राहिल्याचे कितीतरी कर्जदारांना फार उशिरा कळले. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने याबाबत निर्देश दिले असून दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे करायचे, हे निवडण्याचा अधिकार कर्जदाराला आहे. दर वाढल्याचा संदेश आला की शाखेत जाऊन हप्ता वाढवून घ्यावा.

मुदतीबद्दल माझे मत जरा वेगळे आहे. पंधरा वर्षांचा हप्ता १९,६९५ रुपये होतो, म्हणजे दरमहा २,३३९ रुपये जास्त भरून एकूण व्याजात सुमारे सव्वासहा लाख वाचतात. हिशेबाने पंधरा वर्षेच योग्य ठरतात. परंतु २०१५-१६ चा दुष्काळ मी शाखेत बसून पाहिला आहे आणि ज्यांनी सुकाळातल्या उत्पन्नावर हप्ता बेतला होता त्यांची त्या वर्षी झालेली ओढाताण आजही आठवते. म्हणून बंधनकारक हप्ता वीस वर्षांचाच ठेवावा आणि सोयाबीन व तूर विकून पैसे हाती आले की वर्षाला २८,००० रुपये मुद्दलात भरावेत. व्यक्तीच्या तरत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड आकारता येत नाही. पैसे भरताना ‘हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी’ असे लेखी द्यावे. पिकाने दगा दिला त्या वर्षी भरू नये, कोणी विचारणार नाही.

कागदपत्रांत निष्काळजीपणा नको. अकृषिक परवानगी, बांधकाम परवाना आणि मालकीचा किमान तीस वर्षांचा शोध अहवाल पाहावा. भूखंड गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरीविना तुकडे पाडून विकलेला असेल तर तो नियमित झाल्याचा आदेश मागावा. नुसती पावती चालत नाही. आपल्याकडे निजामाच्या काळापासूनच्या मदतमाश (निर्वाहासाठी दिलेल्या) आणि इतर इनामी जमिनी पुष्कळ आहेत. सातबाऱ्यावर वर्ग २ (हस्तांतरणावर निर्बंध असलेली जमीन) किंवा इनामाचा जुना शेरा दिसला तर वकिलाचे समाधान होईपर्यंत विसार देऊ नये. विक्रेत्याचे स्वतःचे कर्ज असेल तर बोजा उतरल्याची नोंदही पाहावी.

उत्तर २: स्थापत्य अभियंता, लातूर

कर्जाबद्दल वर जे लिहिले आहे त्याला माझी सहमती आहे. मी भिंतीबद्दल लिहितो.

परभणीची जमीन काळी आणि खोल आहे. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल किंवा जोत्याची तुळई नीट नसेल, तर घराची कड दरवर्षी थोडी उचलली जाते आणि थोडी बसते. घराच्या मध्याखालची माती तेवढी हलत नाही, कारण तिला ऊनही लागत नाही आणि पाऊसही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग पडते ती यामुळे. पण प्रत्येक तिरपी भेग पायाची नसते, म्हणून घाबरून सौदा मोडू नये आणि मालकाच्या शब्दावर डोळे झाकून विश्वासही ठेवू नये.

आपण पुन्हा जाल तेव्हा भेगेच्या दोन्ही बाजूंनी बोटाच्या पेराने गिलावा वाजवून पाहावा. बद्द आवाज आला तर गिलावा सुटलेला आहे. मालकाच्या परवानगीने तिथला वीतभर गिलावा काढावा. खालची वीट आणि तिचे सांधे अखंड असतील तर भेग गिलाव्यापुरती आहे आणि दुरुस्ती काही हजारांत होते. वीटही चिरलेली असेल, तीच भेग बाहेरच्या बाजूने जोत्यापर्यंत उतरत असेल आणि त्या खोलीचे दार चौकटीत अडकत असेल, तर पाया हलतो आहे असे समजून स्वतंत्र अभियंत्याचा लेखी अहवाल घ्यावा. बँकेचा मूल्यांकनकार घराची किंमत ठरवायला येतो, पायाची तपासणी करायला नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

काळ्या जमिनीवरच्या घराची खरी देखभाल म्हणजे पायाजवळ ओलावा सारखा राखणे. घराभोवती निदान तीन फूट रुंदीची, बाहेर उतार असलेली फरशी किंवा कोबा असावा. गच्चीचे पाणी पायाशी न सोडता नळीने दूर न्यावे. न्हाणीघराचा आणि मोरीचा गळका नळ त्याच दिवशी दुरुस्त करावा, कारण एकाच कोपऱ्यात वर्षभर मुरणारे पाणी पावसापेक्षा अधिक नुकसान करते. भिंतीला खेटून वड, पिंपळ किंवा मोठे होणारे कोणतेही झाड ठेवू नये.

जिन्याच्या खोलीचे डाग मात्र बहुधा गच्चीचे आहेत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, दुपारी स्लॅब प्रसरण पावतो आणि रात्री आकुंचन पावतो, त्यामुळे कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात तिथला सांधा सर्वांत आधी सुटतो. त्या कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर वाटा दिलेला आहे का, तो उलला आहे का, ते पाहावे. गच्चीची तोंडे बंद करून चार बोटे पाणी दोन दिवस कोंडून ठेवले आणि खालून ओल आली नाही, तरच गच्ची चांगली. ही चाचणी खरेदीखताआधी मालकाच्या समोर करावी.

१९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या भागात घर पाहताना एक सवय लागली, तीही सांगतो. तेव्हा मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे जड माळवद यांनी माणसे गाडली गेली. भिंतीवर दाराखिडक्यांच्या माथ्याशी सलग काँक्रीटचा पट्टा आहे का, हे बांधकामाच्या नकाशात पाहून घ्यावे. पुढे वर एक मजला चढवण्याचा विचार असेल तर आत्ताच विचारून ठेवावे.

उत्तर ३: गृहिणी, बीड

दादा, आम्ही आमच्या घरात चौदा वर्षे राहतो. खर्चाचे म्हणाल तर आम्ही दरमहा २,००० रुपये घरासाठी वेगळ्या खात्यात टाकतो आणि त्याला दुसऱ्या कशासाठीही हात लावत नाही. काही वर्षी त्यातले निम्मेही लागत नाहीत आणि एखाद्या वर्षी गच्चीचे काम निघाले की साठलेले सगळे जातात.

रोहिणी नक्षत्र लागले की आम्ही गच्ची झाडून घेतो आणि पाण्याची तोंडे हात घालून साफ करतो. पण मराठवाड्यात खरी परीक्षा जूनमध्ये होत नाही, परतीच्या पावसात होते. २०२५ च्या सप्टेंबरात आमच्या जिल्ह्यात पाऊस कोसळला तेव्हा रात्री दोन वाजता बैठकीतल्या पंख्याच्या हुकातून पाणी ठिबकू लागले. वर जाऊन पाहिले तर गच्चीवर घोट्याएवढे पाणी उभे होते. कडुनिंबाची पाने एका प्लास्टिकच्या पिशवीत अडकून तोंडाला घट्ट बसली होती. जूनमध्ये स्वच्छ केलेले तोंड तीन महिन्यांत पुन्हा बुजले होते. त्या रात्रीनंतर आम्ही तोंडावर लोखंडी जाळी बसवली आणि पोळ्याच्या दिवशी गच्ची दुसऱ्यांदा साफ करण्याचा नेम केला.

पहिला पाऊस पडल्यावर आठवडाभर चौकटींच्या खालच्या टोकांना मातीच्या बारीक नळ्या दिसतात का ते पाहत जावे, ती वाळवी असते. दसऱ्याच्या साफसफाईत टाकी धुऊन घ्यावी. बोअरच्या पाण्यात क्षार फार असल्याने सौर बंबाच्या नळ्या आणि नळाच्या जाळ्याही तेव्हाच साफ कराव्यात.

गच्चीचे पाणी बोअरजवळ मुरवण्याची सोय खरेदीनंतर लगेच करावी, असे मी आग्रहाने सांगेन. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ७०० मिलीमीटर पाऊस पडला की गळती-बाष्प वगळूनही ५०,००० लिटरच्या आसपास पाणी मिळते. मात्र वर अभियंत्यांनी म्हटल्याप्रमाणे शोषखड्डा पायापासून लांब हवा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर: शिक्षक, परभणी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल मालकांच्या संमतीने भेगेवरचा वीतभर गिलावा काढला. खालची वीट अखंड आहे, एक सांधा मात्र केसाएवढा उललेला दिसतो. दार अडकत नाही. गच्चीत पाणी कोंडले तेव्हा दुसऱ्या दिवशी जिन्याच्या खोलीत कठड्याच्या रेषेतच ओल उतरली. मालकांनी ४०,००० रुपये किंमत कमी करण्याची तयारी दाखवली आहे. बँकेचे कर्ज वीस वर्षांच्या हप्त्याने घेण्याचे आम्ही नक्की करत आहोत. भेग आत्ता भरावी की पावसाळा जाऊ द्यावा?

उत्तर ४: स्थापत्य अभियंता, लातूर

गच्चीचे काम आत्ताच करावे. स्लॅब पूर्ण कोरडा असतो असे हेच दिवस असतात. मात्र वाटा आणि लेप सकाळी नऊच्या आत आटोपावेत आणि सिमेंटच्या कामावर निदान सात दिवस पाणी मारावे, नाहीतर उन्हाने तो आठवड्यात तडकेल.

भेग मात्र आत्ता सिमेंटने भरू नये. उन्हाळ्यात ती सर्वाधिक उघडी असते. तेव्हा कडक माल भरला तर पावसाळ्यात माती फुगून भिंत मिटू पाहते, मध्ये तो माल अडतो आणि शेजारी नवी भेग पडते. सांध्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने एकेक फुली करावी, त्यांतील अंतर मिलीमीटरमध्ये भिंतीवरच तारखेसह लिहावे आणि मृग, पोळा, दिवाळी व संक्रांत असे चार वेळा मोजावे. पाऊस आत जाऊ नये म्हणून तोवर बाहेरच्या बाजूने लवचीक सीलंट पुरे. घराभोवतीची फरशी याच महिन्यात टाकून घेतली, तर संक्रांतीपर्यंतचा फरक एखाद्या मिलीमीटरच्या आत राहील असे मला वाटते. तसा राहिला तर पॉलिमर मिसळलेल्या मालाने सांधा भरून, वर जाळी लावून गिलावा करावा. फरक तीन मिलीमीटरच्या पुढे गेला तर गिलावा करू नये आणि त्या कोपऱ्यातला पाया उघडून पाहावा.